चँडलरचं घर तिचंच आहे

चँडलर, ॲरिझोना
९ मार्च २०२४

सौ. मृणालिनीताई यांस,
सुहासिनीचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि आन्याने काढलेलं चित्र मिळालं. चित्रातली बाई मी आहे असं तिने खाली लिहिलं आहे. माझ्या डोक्यावर टोपी का आहे, ते तिला विचारून कळवा. मिहीरचा कुश म्हणतो की ती टोपी नाही, केस आहेत. फ्रिजवर लावलं आहे.

फोनवर आपण दोघी विहिणी बोलतो कमी आणि गप्पच जास्त बसतो, त्यापेक्षा पत्रं बरी, हे तुमचं म्हणणं मला पटलं.

इथे सगळे ठीक. मिहीरची कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यातली शिफ्ट बदलली, त्यामुळे तो दुपारी झोपतो आणि आम्ही घरात चोरासारखे वावरतो. रुचा घरूनच काम करते. मी संध्याकाळी कालव्याच्या कडेने चालून येते. ओळखीचं कुणी भेटत नाही, ते मला चालतं.

आता मुद्द्याचं. आन्याच्या बाबांसाठी मी एक पत्र लिहून द्यावं, हिमानीच्या आईचं म्हणून त्याला वजन येईल, असं तुम्ही लिहिलंत. मला आधी हेच कळत नाही की आता सुनावणी कसली? गाडी चालवताना डोळा लागला, हे त्यांनी कोर्टात पहिल्याच दिवशी कबूल केलं. माझी मुलगी गेली, त्याची शिक्षा त्यांना झाली, ती भोगून झाली. मग तुरुंगाच्या दारातून घरी न सोडता दुसऱ्या बंद जागी का नेलं? मिहीर म्हणतो, व्हिसा आपोआप कॅन्सल झाला. आपोआप म्हणजे कुणी केला? मी जन्मभर बँकेत नोकरी केली. तिथे आपोआप काही होत नसे, कुणाची तरी सही लागायचीच.

पत्राला मी नाही म्हणत नाही. हो म्हणायलाही हात उचलत नाही. मी तर तिच्या अंत्यविधीलाही येऊ शकले नाही. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असताना देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि प्रवासाच्या परवानगीचा कागद वेळेत आला नाही. मिहीर एकटा आला. मी सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. म्हणून असेल, पण ते घडलं आहे हे मला अजून नीट उमगत नाही. थोडा वेळ द्या.

आन्याला पापा. तुमची माया आहे, ती अशीच राहू द्या.
आपली,
सुहासिनी


मेलबर्न
२७ मार्च २०२४

प्रिय सुहासिनीताई,
स. न. वि. वि.

टोपीच आहे. आन्या म्हणते, तिकडे ऊन फार असतं असं आजी नेहमी सांगते, म्हणून घातली. कुशला कळवा, म्हणजे एक भांडण मिटेल.

आमचे हे नागपुरात एकटे राहून खिचडीत तरबेज झाले आहेत. रोज तिचा फोटो पाठवतात. मला तरी कालची आणि आजची खिचडी एकच दिसते, पण मी दोन्हीला छान म्हणते. संसार याच आधारावर चालतो.

तुम्ही विचारलंत ते मी वकीलबाईंना विचारून आले. परदेशी माणसाला इथे वर्षभराची किंवा जास्त शिक्षा झाली आणि तो तुरुंगात असला, की व्हिसा रद्द करावाच लागतो. मग त्याने अर्ज करायचा की परत द्या. एका अधिकाऱ्याने तो अर्ज नाकारला. आता त्याच्या वरच्या ट्रायब्युनलपुढे सुनावणी आहे. आमच्या सिद्धेशने आणि हिमानीने इथलं नागरिकत्व घेतलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. भारतीय पासपोर्ट सोडायचा जिवावर यायचं, म्हणून पुढच्या दिवाळीनंतर बघू, असं करत राहिले. आन्या इथे जन्मली, ती मात्र नागरिक आहे. म्हणजे मुलगी या देशाची आणि बाप कुणाचाच नाही.

आशा आहे ती आन्यामुळेच. मुलांच्या हक्कांचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. मुलाबद्दल निर्णय घेताना मुलाचं हित प्रामुख्याने पाहू, असं त्यात या देशाने मान्य केलं आहे. मी म्हटलं, मग झालं की काम. तर वकीलबाई म्हणाल्या, तसं नाही. करार केला म्हणून तो इथला कायदा होत नाही, त्यासाठी संसदेने वेगळा कायदा करावा लागतो. मी म्हटलं, म्हणजे साखरपुडा झाला आहे, लग्न नाही. त्या इथल्याच, त्यांना साखरपुडा समजवायला मला पाच मिनिटं लागली. मग हसल्या आणि म्हणाल्या, जवळजवळ तसंच. मात्र मंत्र्यांनी अधिकाऱ्यांना आणि ट्रायब्युनलला लेखी सूचना दिल्या आहेत, त्यात मुलाचं हित बघा असं आहे. लोकांची सुरक्षितता आणि लोकांची अपेक्षा हेही आहे. सगळं तराजूत घालायचं.

पत्राची घाई नाही. तुम्ही नाही लिहिलंत तरी मी समजेन. हे वरवरचं म्हणत नाही.

सगळ्यांना आठवण सांगा, आम्हालाही मनात जागा असू द्या.
तुमची,
मृणालिनी


चँडलर
१४ एप्रिल २०२४

सौ. मृणालिनीताई यांस,
स. न. वि. वि.

पत्र लिहिलं. इंग्रजीत आहे, बँकेत लिहायची सवय होती तसंच झालं आहे. सोबत जोडते.

सुरुवातीला मी कोण ते लिहिलं. मग लिहिलं की मृत हिमानी माझी मुलगी होती आणि आन्याच्या वडिलांबद्दल माझी कुठलीही तक्रार नाही. या एका वाक्याला मला आठवडा लागला. रुचा म्हणाली, आई, त्यांच्याबद्दल अजून दोन शब्द लिहा. मला सुचले नाहीत.

नंतरचं मात्र भराभर झालं. आमच्या घरात मूल कधी पोरकं होत नाही, असं लिहिलं. आन्याला दोन आज्या आहेत, मामा-मामी आहेत. चँडलरचं घर तिचंच आहे, तिने हवं तेव्हा यावं, हवं तितकं राहावं, आम्ही तिला कशाचीही उणीव भासू देणार नाही. हे मी त्यांच्यासाठी लिहिलं आणि तुमच्यासाठीही. तुम्ही तिकडे एकट्या सगळं ओढता आहात. मुलीकडच्यांनी हात काढून घेतला असं कुणाच्या मनात यायला नको. वाचणाऱ्याला कळावं की मूल चांगल्या घरातलं आहे.

तुमच्या साखरपुड्याचं मी मिहीरला सांगितलं. तो म्हणाला, अमेरिकेनेही त्या करारावर सही केली आहे, पण पुढची मंजुरी अजून दिलेली नाही. मग इतके देश सह्या करतात त्या कशासाठी, असं मी विचारलं. त्याने खांदे उडवले. ही सवय त्याने इथेच उचलली.

पाडव्याला रुचाने श्रीखंड केलं. हिमानीला वेलदोडा आवडत नसे, म्हणून मी अजूनही न घातलेलंच वेगळं काढते. कुश ते खातो.

तब्येत सांभाळा. जिव्हाळा वाढता ठेवा.
आपली,
सुहासिनी


मेलबर्न
२२ जुलै २०२४

प्रिय सुहासिनीताई,
स. न. वि. वि.

फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. सिद्धेश घरी आला. ट्रायब्युनलने व्हिसा परत दिला. मुलीचं हित त्याच्या बाजूने फार जड आहे, असं निकालात स्वच्छ लिहिलं आहे.

तो आला तेव्हा आन्या शाळेत होती. आल्यावर तिने त्याला हात धरून सगळं घर दाखवलं. हे बाथरूम, हा दिवा असा लागतो, हा ड्रॉवर अडकतो. त्याच्याच घरात तो पाहुण्यासारखा मान हलवत तिच्या मागे फिरला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

तुमचं पत्र सुनावणीत दिलं. मी ते ह्यांना फोनवर वाचून दाखवलं, त्या दिवशी त्यांनी खिचडीचा फोटो पाठवला नाही. वकीलबाई मात्र वकीलच. म्हणाल्या, चँडलरच्या घराचा परिच्छेद जरा कमी करता येईल का, आजीबाईंना विचारता का? मी म्हटलं, विहीणबाईंनी इतक्या मनाने दिलेल्या शब्दाला मी कात्री लावायला सांगणार नाही, आमच्यात तसं करत नाहीत. मग त्यांनी आग्रह केला नाही. आणि बघा, काही बिघडलं नाही.

तुम्हाला फोन केला होता असं सिद्धेश म्हणाला. रुचाशी बोलणं झालं म्हणे.

तुमच्या पायाचं दुखणं कसं आहे ते कळवा. ओढ आहे ती कमी होऊ देऊ नका.
तुमची,
मृणालिनी


चँडलर
११ ऑगस्ट २०२४

सौ. मृणालिनीताई यांस,
स. न. वि. वि.

ते घरी आले, फार बरं झालं. मी देवाला साखर ठेवली.

फोन मी रुचाकडे दिला ते रागाने नाही. काय बोलायचं ते मला कळेना. एवढं त्यांना सांगा, आणि जास्त काही सांगू नका.

इथे ऊन असं आहे की दाराची कडी हाताला चटका देते. मी आता अंधार पडल्यावर चालायला जाते. माझ्या कागदांचं अजून काही नाही. आले की पहिली तुमच्याकडे येईन. आन्याला सांगा, या वेळी पापा नाही, तिला वेगळं पत्र पाठवते. ती समजेल, आमचं ठरलं आहे.

पाय ठीक आहे. स्नेह असाच टिकवा.
आपली,
सुहासिनी


मेलबर्न
५ डिसेंबर २०२४

प्रिय सुहासिनीताई,
स. न. वि. वि.

मिहीरने सांगितलं असेलच. सिद्धेशला परत त्या बंद जागी नेलं. सकाळी दोघेजण आले, सभ्यपणे बोलले, त्याला कपडे घेऊ दिले. आन्याचा डबा अर्धा भरलेला होता. तो त्याने पूर्ण भरला आणि मग गेला.

मला यातलं जे समजलं ते लिहिते. ट्रायब्युनलने दिलेला व्हिसा मंत्री स्वतः रद्द करू शकतात. देशाच्या हिताचं आहे असं त्यांना वाटलं की पुरे. त्याआधी आम्हाला विचारण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. मी वकीलबाईंना म्हटलं, पण मुलाचं हित बघा ही सूचना मंत्र्यांचीच ना? त्या म्हणाल्या, हो, पण ती त्यांच्या हाताखालच्यांसाठी. ते स्वतः ठरवतात तेव्हा ती त्यांना बांधत नाही. करारही बांधत नाही. मी आता त्यांना उपमा देत नाही, सगळ्या उपमा संपल्या.

निर्णयात आन्याचा विचार केला आहे. तिच्या हिताला वजन दिलं, पण ट्रायब्युनलपेक्षा कमी दिलं. का ते तिथलं इंग्रजी मला नीट लागलं नाही. तुम्ही त्यात डोकं घालू नका.

माझा व्हिसा एप्रिलपर्यंत आहे, तो आणखी वाढणार नाही. पुढे आन्याकडे कोण, ते बघायचं आहे. ती शाळेत जाते, जेवते. बाबा दुसऱ्यांदा का गेला, हे ती मला विचारत नाही. शेजारच्या बाईंना विचारते. मला त्रास होईल असं तिला वाटत असावं.

जपून राहा. आमच्यावरचा लोभ सोडू नका.
तुमची,
मृणालिनी


चँडलर
४ जानेवारी २०२५

सौ. मृणालिनीताई यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालात. तुम्हाला ते इंग्रजी लागलं नाही, हे मी मानायचं का?

मिहीरने वकीलबाईंकडून निर्णय मागवला. मला वाचून दाखवताना एका ठिकाणी तो थांबला आणि त्याने पान उलटलं. तो कामावर गेल्यावर मी स्वतः वाचलं. मुलीची आजी अमेरिकेत राहते. चँडलरमधलं आपलं घर मुलीचंच आहे आणि तिला कशाचीही उणीव भासू देणार नाही, असं आजीने लेखी म्हटलं आहे. त्यामुळे वडील जवळ नसण्याचा मुलीवरचा परिणाम काही अंशी कमी होईल. असं आहे. माझंच वाक्य, माझ्याच शब्दांत.

मला यातलं काही कळत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. मी जर लिहिलं असतं की ही मुलगी माझी कुणी नाही, मी तिला पाहणार नाही, तर तिचा बाप घरी राहिला असता का? आपण माणसाला घर तुमचंच आहे म्हणतो तेव्हा तो बिऱ्हाड घेऊन येतो का? मंत्र्यांकडे कुणी आलं तर ते काय म्हणत असतील? मी मिहीरला विचारलं, आन्याला इथे आणून कायमचं ठेवायचं म्हटलं तर जमेल? तो म्हणाला, आई, तुझाच इथला मुक्काम अजून पक्का नाही. आणि घर त्याचं आहे. मी त्याच्या वतीने देऊन टाकलं.

वकीलबाईंनी तो परिच्छेद कमी करायला सुचवलं होतं, हे तुम्ही जुलैत मला अगदी अभिमानाने लिहिलं होतं. मलाही ते वाचून बरंच वाटलं होतं. तेव्हा तुमचा दोष नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही कात्री लावली नसती. पण आपण दोघी एकमेकींचा मान राखत बसलो आणि तो माणूस आत गेला.

माझं काय चुकलं ते मला दिसतं. काय करायला हवं होतं ते दिसत नाही. पुढच्या पत्रात स्पष्ट लिहा, माझ्या मनाला लागेल म्हणून काही गाळू नका.

आपुलकी ठेवा.
सुहासिनी


मेलबर्न
८ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना,
सिद्धेशचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईने मला भेटीच्या वेळी वाचायला दिलं. मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहितो आहे. मराठी लिहायची सवय गेली आहे, चुका असतील.

तुम्ही त्या परिच्छेदाबद्दल मनाला लावून घेऊ नका. यातलं सगळं माझ्यापासून सुरू झालं आहे, तुमच्या पत्रापासून नाही.

आम्ही फेडरल कोर्टात गेलो आहोत. निर्णय योग्य की अयोग्य हे कोर्ट बघत नाही. तो कायद्याप्रमाणे घेतला का, एवढंच बघतं. तुम्ही आन्याला तिकडे खरंच सांभाळू शकाल, याचा पुरावा फाइलमध्ये कुठेच नव्हता, मंत्री ते धरून चालले, असा आमचा मुद्दा आहे. वकील म्हणतात, मुद्दा चांगला आहे, पण वर्ष जाईल. जिंकलो तरी प्रकरण परत मंत्र्यांकडेच जाऊ शकतं.

दुसरा रस्ता म्हणजे मी परत जातो असा फॉर्म सही करून द्यायचा. मग हे सगळं संपतं. आन्याला नागपूरला न्यायचं, किंवा तिची शाळा आणि मैत्रिणी इथे आहेत म्हणून कुणापाशी तरी इथे ठेवायचं. हिमानीला ती इथेच वाढायला हवी होती. एप्रिलमध्ये आई जाईल. तुम्ही आलात तर बरं होईल असं मी म्हणणार होतो. पण वकील म्हणतात, आन्याला जो सांभाळेल त्याची नोंद पुन्हा माझ्याविरुद्ध होऊ शकते. ती सुखात राहिली तर माझी गरज नाही, आणि दुःखात राहावी असं मी कसं म्हणू?

मला ठरवता येत नाही. शेवटचं मी ठरवलं तेव्हा काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून तुम्ही सांगाल तसं करतो.

आपला,
सिद्धेश


चँडलर
२७ फेब्रुवारी २०२५

चि. सिद्धेशराव यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चुका फार नाहीत.

तुम्ही मला ठरवायला सांगितलंत. घरातल्या मोठ्या माणसाने अशा वेळी तुम्हाला योग्य वाटेल ते करा असं म्हणायचं असतं. मी ते दोन दिवस लिहून पाहिलं आणि फाडलं. चांगलं दिसेल ते लिहायचं मी सोडलं आहे.

मी येते आहे. व्हिजिटर व्हिसा काल आला. मृणालिनीताई निघण्याआधी, मार्चअखेर पोचेन. माझा प्रवासाचा कागद अजून आलेला नाही, तेव्हा इथला ग्रीन कार्डाचा अर्ज सुटेल. मिहीर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. हिमानीच्या वेळी हाच कागद नाही म्हणून मी थांबले होते, आणि मग तो येऊनही काय उपयोग झाला असता, असं मी त्याला म्हटलं. मग तोच तिकिटं बघायला बसला. तिकडची मुदत संपली की मी नागपूरला जाईन. त्या निर्णयात अमेरिकेतल्या आजीचं घर आहे. मार्चनंतर ती आजी अमेरिकेत नसेल.

वकीलबाईंना मी दुसरं पत्र पाठवलं आहे. हे कोर्टात चालणार नाही, पण प्रकरण मंत्र्यांकडे परत गेलं तर जोडता येईल असं त्या म्हणाल्या. त्यात मी साधं लिहिलं आहे. माझं स्वतःचं घर नाही. माझं वय झालं आहे. मी काही महिने नातीला शाळेत पोचवू शकते, तिच्या बापाची जागा घेऊ शकत नाही आणि मला ती घ्यायची नाही. आन्याने हे कधी वाचलं तर तिला वाईट वाटेल, म्हणून तुम्ही तिला समजावून सांगायचं.

मी तिला सांभाळलं तर ते तुमच्याविरुद्ध जाईल का, हे मला कळत नाही. वकीलबाईंनाही नक्की सांगता आलं नाही. पण कुणाला दिसावं म्हणून मुलीला एकटं ठेवायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. त्यांना काय लिहायचं ते लिहू द्या.

आता माझं. पहिल्या पत्रात माझी काही तक्रार नाही असं मी लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. त्या दिवशी तुम्ही दोघं किती वाजता निघालात, वाटेत कुठे थांबलात, हिमानी काय बोलत होती, मी चालवते असं ती म्हणाली होती का, हे मला कुणी सांगितलेलं नाही. कोर्टाच्या कागदात वेग आणि रस्त्याचं नाव आहे. गाडीत तिच्याबरोबर तुम्ही एकटेच होता, आणि जागे होता, निदान काही वेळ. हे मी दुसऱ्या कुणाला विचारू? तुम्ही परत गेलात तर नागपूरला सांगाल असं म्हणाल. तिथे माणसं येत-जात राहतील, चहा होईल, आणि आपण दोघंही विषय टाळू. मला आपली ओळख आहे.

तिथे भेटीच्या खोलीत टेबल आहे, दोन खुर्च्या आहेत आणि ठरलेला वेळ असतो, असं मृणालिनीताई म्हणाल्या. मला ते बरं वाटतं. आल्याबरोबर पहिली भेट माझ्या एकटीच्या नावाने लावा, आन्या त्या दिवशी नको. मी रडेन असं वाटत नाही. रडले तर तुम्ही बोलायचं थांबवू नका.

तोपर्यंत कशावरही सही करू नका.

जेवत जा. माझे आशीर्वाद तुमच्या पाठीशी आहेत.
सुहासिनी